पुणेरी पलटण पुण्यात कधी खेळणार?



प्रो कबड्डीचा २०२५ चा बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत उरकला. पुणेरी पलटण अंतिम फेरीत पोहोचली, दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. पण अख्ख्या हंगामात पुण्यात तिचा एकही सामना झाला नाही. यू मुंबाच्या वाट्यालाही मुंबई आली नाही. महाराष्ट्रातल्या कबड्डीप्रेमींनी हे मुकाट्याने सोसू नये.

घरच्या सामन्यांचे महत्त्व कळायला युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांच्या चषकाकडे पाहा. १९५८ च्या पहिल्याच हंगामात अंतिम लढतही दोन्ही संघांच्या घरी झाली : एक सामना रीगात, दुसरा सोफियात. एएसके रीगाने दोन्ही जिंकले. हाच चषक आता युरोलीग म्हणून खेळला जातो. तिच्या २०२४-२५ च्या हंगामात १८ संघ होते आणि साखळीतले १७ सामने प्रत्येकाने यजमान म्हणून खेळले. तेल अवीवच्या मकाबीला हे यजमानपद बेलग्रेडमध्ये निभवावे लागले, तेही युद्धामुळे. शेवटचे चार संघ तेवढे एका ठिकाणी जमतात. लिथुआनियातले कौनास जेमतेम तीन लाख वस्तीचे. तिथे झालगिरिस या स्थानिक क्लबचा सामना असला की पंधरा हजारांचे सभागृह भरते. ही गर्दी पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मैदानावर जमत आली आहे.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. २०२३-२४ चा दहावा हंगाम बारा शहरांत झाला. बालेवाडीत पलटणचे सामने झाले, वरळीत यू मुंबाचे. त्याच वर्षी पलटणने पहिल्यांदा विजेतेपद पटकावले, आणि कर्णधार होता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. पुढच्याच हंगामात शहरे तीनवर आली : हैदराबाद, नोएडा, पुणे. त्यानंतर पुणेही गेले.

आमच्या भंडारदऱ्याहून पुणे काय, मुंबई काय, चार-पाच तासांची वाट. शेंडी, राजूर, रतनवाडी या भागातल्या मुलांना एखाद्या शिक्षकाबरोबर तिथे नेता येते. विशाखापट्टणमला कोण नेणार? आणि प्रत्यक्ष पाहण्यात फरक आहेच. टीव्हीचा कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या मागे धावतो. डावा कोपरारक्षक निदान रेषेपाशी कसा दबा धरतो, साखळीतला जोडीदार हात केव्हा सोडतो, घोट्यात पकड बसण्याआधी पकडणाऱ्याचे वजन कोणत्या पायावर असते, हे शेजारी बसूनच दिसते. आश्रमशाळेच्या मातीत खेळणाऱ्या मुलाला नेमके तेच शिकायचे असते.

मॅट, दिवे, प्रक्षेपणाचा लवाजमा शहरोशहरी हलवायला खर्च येतो, हे खरे आहे. पण तो दहाव्या हंगामात झेपला होता. शिवाय दर संघाचे काहीच सामने घरी ठेवले तरी आजच्यापेक्षा ते कितीतरी बरे. महाराष्ट्रात जागेचीही अडचण नाही. मार्च २०२४ मध्ये पुरुषांची वरिष्ठ गट राष्ट्रीय स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली, म्हणजे जिल्ह्याच्या गावालाही हे पेलते.

तेव्हा राज्य कबड्डी संघटनेने आणि दोन्ही संघांच्या मालकांनी पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरण्याआधीच आयोजकांकडे घरच्या सामन्यांचा आग्रह धरावा. त्यातला एखादा सामना वाडिया पार्कवर व्हावा, आणि राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पातल्या आश्रमशाळांच्या मुलांसाठी थोड्या जागा राखून ठेवाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, शेंडी (भंडारदरा), ता. अकोले