विज्ञानविचार : हिग्जचा कण आणि कपाशीचें बोंड

दिवाळीच्या सुटींत अमरावतीस एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. तीन पिढ्या एका पंक्तीस बसणारें तें घर. बारावींत असलेल्या नातीनें वैद्यकीकडे न जातां पदार्थविज्ञान शिकण्याचा निश्चय केला होता व त्यावरून घरांत दोन तट पडले होते. आजोबांनीं मलाच पेचांत धरलें. ते म्हणाले, "एवढा पैसा ओतून तो हिग्जचा कण शोधला. आमच्या वऱ्हाडांत कपाशीला एक बोंड तरी जास्त आलें काय?" प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देणें बरें नव्हे.

प्रथम शोध काय तें पाहूं. अणूच्या मध्यभागीं केंद्रक असतें व त्याभोंवतीं इलेक्ट्रॉन. या मूलकणांना वस्तुमान कोठून येतें? १९६४ सालीं ब्रिटनमधील पीटर हिग्ज यांनीं, तसेंच बेल्जममधील रॉबर्ट ब्राऊट व फ्रांस्वा आंगलेर यांनीं स्वतंत्रपणें जो विचार मांडला, त्यांतून पुढें असें अनुमान निघालें कीं, सर्व अवकाश एका अदृश्य क्षेत्रानें भरलेलें आहे. ज्या मूलकणाचा या क्षेत्राशीं संबंध दाट, त्याचें वस्तुमान अधिक. प्रकाशकणाचा संबंधच नाहीं, म्हणून त्यास वस्तुमानही नाहीं. हौदांतील नितळ व निश्चल पाणी नजरेस येत नाहीं. खडा टाकला म्हणजे तरंगावरून तें कळतें. या क्षेत्रावर उठणारा तरंग तोच हिग्जचा कण.

तो खडा टाकण्यास जिनीव्हाजवळील सर्न संस्थेनें भूमीखालीं २७ किलोमीटर परिघाचें यंत्र उभारलें. त्यांत प्रोटॉनांच्या टकरी घडवितात. अब्जावधी टकरींत एखादे वेळीं हा कण जन्मतो आणि तत्क्षणीं नाश पावतो. मागें उरलेल्या कणांवरून त्याची ओळख पटवावी लागते. ४ जुलै २०१२ रोजीं शोध जाहीर झाला. कणाचें वस्तुमान प्रोटॉनाच्या सुमारें १३३ पट भरलें. या कार्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. ज्या 'बोसॉन' वर्गांत हा कण मोडतो, त्यास तें नांव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून मिळालें आहे. २०१३ चें नोबेल पारितोषिक हिग्ज व आंगलेर यांना मिळालें; ब्राऊट २०११ मध्येंच निवर्तले होते.

'देवकण' हें नांव मात्र लेडरमन यांच्या १९९३ च्या ग्रंथाच्या शीर्षकावरून रूढ झालें. खुद्द हिग्ज यांना तें रुचत नसे. या शोधानें देव सिद्ध होत नाहीं आणि असिद्धही होत नाहीं.

आतां बोंडाची गोष्ट. आपल्या शरीराचें बहुतेक वजन केंद्रकांतील कणांच्या आंत सांठलेल्या ऊर्जेचें आहे; तें या क्षेत्राचें नव्हे. परंतु इलेक्ट्रॉनास वस्तुमानच नसतें, तर तो केंद्रकापाशीं टिकला नसता. मग अणु नाहीं, पाणी नाहीं, कपाशीही नाहीं!

आणि व्यावहारिक उपयोग? १८९७ सालीं टॉमसन यांनीं इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हां त्याचा उपयोग कोणास सांगतां आला असता? १९३२ मध्यें सांपडलेल्या पॉझिट्रॉनाच्या साह्यानें आज रुग्णालयांत कर्करोगाचा ठाव घेतात. आजोबा ज्या जाळ्यावर रोज सकाळीं अकोल्याच्या बाजारांतील कपाशीचे भाव पाहतात, त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें सर्नमध्येंच मांडली. बोंड वाढलें नाहीं खरें, पण त्याचा भाव घरबसल्या कळूं लागला! हें ऐकून आजोबांनाही हंसूं आलें.

नातीसाठीं मीं पुण्याच्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांचें उदाहरण दिलें. सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत शिकलेल्या या विदुषींनीं पुढें मुंबई विद्यापीठांत व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अध्यापन केलें आणि हिग्जचा कण यंत्रांत कसा ओळखावा, याच्या गणितांत आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं. २०१९ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली.

आजोबा कांहीं वेळ गप्प राहिले. मग नातीस म्हणाले, "पण गणित कच्चें राहतां कामा नये हो." माझ्या मतें ती संमतीच होती. ज्या घरांत असा हट्ट धरणारी मुलगी असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं 'उपयोग काय?' हें अवश्य विचारावें. पण उत्तराला थोडा अवधिही द्यावा.