पिशवी काढणे हा उपचार नव्हे

‘अंग बाहेर येणे’ म्हणजे काय, हे ऊसतोडणीच्या फडात कोणत्याही बाईला समजावून सांगावे लागत नाही. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकते, खोकला आला की लघवी सुटते, ओटीपोटात सतत ओढ लागते. आणि हे सारे मुकाट्याने अंगावर काढायचे असा दंडक आहे. दंडक समाजाने घातला. त्याचा लाभ मात्र मुकादमापासून खाजगी शस्त्रक्रियागृहापर्यंत अनेकांनी उठवला.

या दुखण्यांत गूढ काही नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून स्नायूंच्या झोळीचा आधार असतो. लागोपाठची बाळंतपणे, अर्धपोटी शरीर आणि ओली बाळंतीण असतानाच उचललेले ओझे यांनी ही झोळी सैल पडते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या पोटावर दिवसभर तोच ताण येतो. फडावर ना आडोसा, ना पुरेसे पाणी. म्हणून ती पाणी कमी पिते, लघवी रोखून धरते आणि जंतुसंसर्ग ओढवून घेते.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांची गडचिरोलीतील पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन गावांतील सुमारे ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. पुढे २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे जवळजवळ एक! तीस वर्षांपूर्वी जिथे तपासणीच नव्हती, तिथे आता तपासणीआधीच चाकू पोहोचला, असाच याचा अर्थ होतो.

स्त्रियाच पिशवी काढून मागतात, असे समर्थन केले जाते. पण खाडा झाला की दंड, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही आणि डॉक्टरने घातलेली कर्करोगाची भीती, अशा कोंडीत दिलेल्या होकाराला संमती म्हणता येणार नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने सैल झोळी घट्ट होत नाही. तिची दुरुस्ती केली नाही तर मूत्राशय खाली येतच राहते. बीजकोशही काढले तर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि मग कोयता पेलणेही कठीण होते.

वास्तविक पाहता कितीतरी स्त्रियांना शिकवून करून घेतलेल्या स्नायूंच्या व्यायामाने किंवा स्वस्त रबरी कड्याने आराम पडू शकतो. शस्त्रक्रिया लागलीच, तर गर्भाशय राखून ते वर बांधण्याच्या पद्धती आहेत. त्यांतील दोन मुंबईच्या डॉ. शिरोडकर व डॉ. पुरंदरे यांच्याच नावाने ओळखल्या जातात. ज्या राज्यात ही विद्या घडली, त्याच राज्यातील मजूर बाईच्या वाट्याला ती येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी स्वीकारावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. परंतु नुसत्या बंदीने वेदना थांबत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या दुखण्यांचे तज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि व्यायामोपचारतज्ज्ञ उपलब्ध असले पाहिजेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात कडी आणि ती बसवणारे हात हवेत. फडावर शौचालय व पाणी, बाळंतपणानंतर आणि शस्त्रक्रियेनंतर पगारी विश्रांती हवी. आणि या खर्चाचा वाटा कारखान्यांनी उचलला पाहिजे.

येथे मजूर संघटनांनीही आत्मपरीक्षण करावे. तोडणीच्या करारात टनामागचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर रात्र रात्र वाटाघाटी होतात. अर्धा कोयता पेलणाऱ्या बाईचे शरीर मात्र मागणीपत्रकाबाहेर राहते. पुढचा करार होईल तेव्हा या मागण्या त्यात पहिल्या पानावर असल्या पाहिजेत. तोवर संघटनेने स्वतःला साऱ्या ऊसतोड मजुरांची प्रतिनिधी म्हणवून घेऊ नये.