मग घर सोडून का नाही जात?

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चा विषय निघाला की आपल्या मंडळींचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट हिशेबवाल्यांचा. ओरेन पेली नावाच्या, सिनेमाचं कसलंही शिक्षण न घेतलेल्या एका व्हिडिओ गेम प्रोग्रॅमरने सॅन डिएगोतल्या स्वतःच्या राहत्या घरात, आठवडाभरात, सुमारे १५,००० डॉलरमध्ये सिनेमा उरकला आणि २००९ साली थिएटरात लागल्यावर त्याने जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, हे सांगताना यांचे डोळे असे चमकतात की जणू आपलाच स्टार्टअप विकला गेला. (जाहिरातीवर स्टुडिओने ओतलेला पैसा या गणितात कुणी धरत नाही, पण असो.) दुसरा गट जांभईवाल्यांचा. ‘दीड तास रिकामी बेडरूम बघायची, आणि वर भीतीही वाटत नाही!’

मला दोन्ही गट मान्य नाहीत.

जांभईवाल्यांना आधी विचारते, एकाच जागेचा कंटाळा आपल्याला कधीपासून यायला लागला? आपण एका दिवाणखान्यात तीन-तीन अंक बघत वाढलेली माणसं. तोच सोफा, तोच जिना, आतल्या खोलीचं तेच दार, आणि त्या दारातून आता कोण येणार म्हणून श्वास रोखून बसलेलं सगळं थिएटर. धारप आणि मतकरी वाचून रात्री बाथरूमला जायला घाबरलेली पिढी आपलीच. पेलीने दुसरं काय केलंय? उजवीकडे पलंग, डावीकडे उघडं दार, दारापलीकडे अंधारा पॅसेज, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. पार्श्वसंगीत नाही. दार जरासंच हलतं. एका रात्री केटी झोपेतून उठते आणि पलंगाशेजारी उभी राहते. मग घड्याळाचे आकडे भराभर पळायला लागतात, तेव्हा कळतं की ती तासन्‌तास तशीच, झोपलेल्या मायकाकडे बघत उभी आहे. यात ज्याला जांभई येते त्याने खुशाल झोपावं. शेजारी कोण उभं आहे ते बघू नये म्हणजे झालं.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. हा सिनेमा भुताचा आहे असं सगळे धरून चालतात. मला तो एका माणसाने न ऐकल्याचा वाटतो. केटी आणि मायका लग्न न करता एकत्र राहतात, त्याच्या घरात. (हिंदीत मायका म्हणजे माहेर. इथे सगळा उलटाच प्रकार.) वयाच्या आठव्या वर्षापासून काहीतरी आपल्या मागे लागलंय, हे ती त्याला सांगते. तो कॅमेरा विकत आणतो. ती म्हणते, त्याला डिवचू नकोस; हा त्याला आव्हानं देतो. ती म्हणते, या विषयातल्या जाणकाराला बोलवू. हा म्हणतो, माझं घर आहे, मी बघतो. ‘विजा बोर्ड विकत आणणार नाही’ असं वचन देतो आणि कुणाकडून तरी उसना आणतो. वर म्हणतो, विकत कुठे आणलाय? हे वाक्य ऐकून थिएटरात हशा पिकतो. मला हसू आलं नाही. अशी वाक्यं मी पॉटलकला, चारचौघांत, कौतुकाने सांगितलेली ऐकली आहेत.

राम गोपाल वर्माच्या ‘भूत’मध्ये (२००३) याचीच मुंबईची आवृत्ती आहे. या फ्लॅटमधली आधीची बाई पडून मेली, हे नवऱ्याला ठाऊक असतं. बायकोला सांगायची गरज त्याला वाटत नाही.

आता तो नेहमीचा प्रश्न, जो अशा प्रत्येक सिनेमाला विचारला जातो: एवढं घडतंय, तर घर सोडून का जात नाहीत? पेलीने त्याचं उत्तर पहिल्या अर्ध्या तासातच दिलंय. घरी आलेला जाणकार सांगतो की ते घराला चिकटलेलं नाही, हिला चिकटलेलं आहे. कुठेही गेलात तरी मागे येईल. शेवटी मायका स्वतःच हॉटेलात जायला निघतो, तेव्हा केटीच म्हणते, नको, इथेच राहू. तोपर्यंत बोलणारी केटी राहिलेली नसते.

हाच प्रश्न आपण दुसरीकडेही विचारतो, आणि तिथे तर पॉपकॉर्नसुद्धा हातात नसतं. ‘एवढा त्रास आहे, तर सोडून का देत नाही?’ घर त्याच्या नावावर. गाडीची किल्ली त्याच्याकडे. व्हिसा त्याच्या नोकरीवर. एच-फोरवर आलेल्या बायकोला २०१५ पर्यंत इथे नोकरीच करता येत नव्हती. त्यानंतरही परवानगी सगळ्यांना मिळाली नाही. आणि तिकडे फोन केला तर आई म्हणते, थोडं सांभाळून घे. ती जाईल तिथे हे सगळं तिच्या मागे येतं. तेव्हा तो प्रश्न तिला विचारण्यात काही शहाणपण आहे असं मला तरी वाटत नाही.

म्हणूनच थिएटरात दाखवलेल्या शेवटावर माझा राग आहे. सिनेमा बराच जुना झाला, सांगून टाकते. स्पीलबर्गच्या सूचनेवरून केलेल्या त्या शेवटात केटी राक्षसी चेहऱ्याने कॅमेऱ्यावर झेप घेते. लोक किंचाळतात, पैसे वसूल. मूळ शेवटात ती रक्ताळलेला सुरा घेऊन पलंगाला टेकून तासन्‌तास डुलत बसते. पोलीस येतात. ती भानावर येऊन मायका कुठे आहे असं विचारते, आणि ते तिला गोळ्या घालतात. बाहेरचं माणूस त्या खोलीपर्यंत पोचायला एवढा उशीर झालेला असतो. तो शेवट काढून हिला हडळ करून टाकली आणि पुढे सिनेमांची रांग लावली.

यंदा हॅलोविनच्या सुमारास मंडळाच्या फिल्म नाइटला हाच सिनेमा दाखवावा, शक्यतो मूळ शेवटासह, अशी माझी समितीला सूचना आहे. मुलांना खाली बेसमेंटमध्ये पिझ्झा द्या. आणि एक अगदी किरकोळ काम. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ मध्ये निघाली, बे एरियात ‘मैत्री’ १९९१ मध्ये. दक्षिण आशियाई बायकांसाठीच. आपल्या डिरेक्टरीत गुरुजी, केटरर, मेंदीवाल्या, रिअल इस्टेट एजंट, सगळ्यांचे नंबर आहेत, अशा संस्थांचे नाहीत. त्यासाठी पान वाढवावं लागणार नाही. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरखाली दोन ओळींची जागा रिकामी आहे, मी बघून ठेवली आहे.