लग्नानंतर पुढे काय?

आंतरधर्मीय प्रेमावरचा माझा सगळ्यात आवडता चित्रपट जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा आहे : 'फिअर ईट्स द सोल' (१९७४). बहुतेक प्रेमपट लग्नापाशी संपतात, नाहीतर मरणापाशी. हा लग्नानंतरचं बोलतो, आणि आपल्या कामात तोच भाग अवघड असतो.

एमी ही म्युनिकमध्ये साफसफाईची कामं करणारी, साठीची विधवा. अली मोरोक्कोतून आलेला मेकॅनिक, तिच्याहून बराच लहान. (अली हे त्याचं खरं नावही नाही, तिथल्या लोकांनी चिकटवलेलं.) पोटभाडेकरू चालणार नाही, असं सांगायला घरमालकाचा मुलगा येतो, तेव्हा एमीच्या तोंडून निघून जातं की आम्ही लग्न करणार आहोत. किती बायकांची लग्नं अशी खोलीच्या प्रश्नातून ठरली असतील!

मग मुलगा टीव्ही लाथेने फोडतो, किराणावाला अलीला माल देत नाही, कामावरच्या बायका एमीला जिन्यावर एकटीला खायला बसवतात. इथवर सगळं आपल्या ओळखीचंच.

दोघं बाहेरगावाहून परततात, तर सगळे गोड झालेले. किराणावाल्याला गिऱ्हाईक हवं असतं, मुलाला नातवंड सांभाळायला आई, शेजारणीला तळघरातली जागा. मन कुणाचंच बदललेलं नाही. आणि एमी? आपल्याला परत घेतलं या आनंदात ती अलीला कुसकुस करून द्यायचं नाकारते, इथलं खायची सवय कर म्हणते. मैत्रिणींना त्याचे दंड चाचपू देते. तो चिडून निघून गेला की, परक्यांचं वागणंच तसं, म्हणून सोडून देते. कामावर युगोस्लाव्हियातून नवी बाई आलेली असते. आता जिन्यावर ती एकटी, आणि एमी घोळक्यात.

एमीला वाईट ठरवायला मी तयार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने पुसलेल्या बाईला माणसांची भूक असणारच. पण ते बिल अलीच्या नावावर फाटतं. आपल्याकडे ते बहुधा मुलगी भरते. विशेष विवाह कायद्याने (१९५४) धर्म न बदलता लग्न करता येतं, तरी सासरी नाव बदलतं, देव बदलतात, ताट बदलतं. आणि 'घरच्यांनी स्वीकारलं' एवढं कळलं की आपण केस यशस्वी म्हणून मिटवतो. कुठल्या अटींवर स्वीकारलं, हे त्या मुलीला एकटीला गाठून, सासूच्या माघारी, किती जणी विचारतो?

शेवटी अली नाचता नाचता कोसळतो. पोटात अल्सर. परदेशी कामगारांना हा नेहमीच होतो, सहा महिन्यांनी पुन्हा येईल, असं डॉक्टर सांगतो.

चित्रपट दीड तासाचा आहे. शिबिरात दाखवलात तर चर्चेला तेवढाच वेळ ठेवा, आणि पहिला प्रश्न कुसकुसचा घ्या.