तिच्या रजेचा अर्ज



या सदरात मी नेहमी समाजाच्या जमाखर्चाविषयी लिहितो. आज घरच्या जमाखर्चाविषयी लिहिणार आहे. गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली आहे.

नागपूरला शिकणारी आमची मुलगी सुट्टीत आरमोरीला आली होती. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात खाटेवर बसून तिने मोबाईलवर काही फोटो दाखविले. तिच्या एका मैत्रिणीचे आई-वडील लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. मागे बर्फाचा डोंगर, पुढे लाकडी घरे, खिडक्यांमध्ये लाल फुले आणि एका बाकावर ते दोघे बसलेले. माझी पत्नी फोटो निरखून पाहत होती. तिने विचारले, "हे दोघं इथं का करत हायेत?"

मुलगी म्हणाली, "काही नाही करत, आई. आराम करतात."

"एवढ्या दूर जाऊन नुसता आराम?"

"हो. तू आणि बाबा कधी गेले का असे कुठे?"

"दरवर्षी दीक्षाभूमीले जातो ना. एकदा चैत्यभूमीलेही गेलो."

"तिथे तू काय करतेस?"

पत्नी हसली. तिथे ती काय करते हे आम्हा सर्वांना माहीत होते. पहाटे तीनला उठून पोळ्या आणि चटणीचे गाठोडे बांधते. मी पुस्तकांच्या स्टॉलवर आणि ओळखीच्या कार्यकर्त्यांमध्ये फिरत असतो, तेव्हा ती सतरंजीवर सामान आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळत बसते. घरी परतल्यावर मी पाय पसरतो आणि ती चूल पेटविते.

मी लिपिक आहे. कार्यालयात माझ्याकडे आस्थापनेचे टेबल आहे. कोणाची किती रजा जमा, किती खर्च, याची नोंद मी ठेवतो. सरकारी नोकराच्या खाती वर्षाला ३० दिवस अर्जित रजा पडते आणि ती ३०० दिवसांपर्यंत साठते. त्या रात्री झोप लागेना, म्हणून मी मनातल्या मनात पत्नीचे रजेचे खाते उघडले. लग्नाला २२ वर्षे झाली. वर्षाला ३० प्रमाणे ६६० दिवस जमा. खर्चाच्या बाजूला लिहायला काही सापडेना. दोन बाळंतपणे झाली, पण त्याला रजा कोण म्हणेल? ती माहेरी जाते तेव्हाही भावाच्या वावरात रोवणीला उभी राहते. म्हणजे नियमाप्रमाणे ३०० दिवस शिल्लक आणि ३६० दिवस बुडीत. असे खाते दुसऱ्या कोणाचे असते तर मी साहेबांपुढे टिपणी ठेवली असती.

माझ्या स्वतःच्या रजा मी शिबिरे, मोर्चे, जयंतीची तयारी यांत घालविल्या. "माझ्या रजा मी समाजाला दिल्या" असे मी भाषणात अभिमानाने सांगत आलो. त्या रजांमध्ये तिचाही वाटा होता, हे कधी सुचले नाही. आम्हा शासकीय नोकरांना रजा प्रवास सवलतीत महाराष्ट्र दर्शन मिळते. त्याचे अर्ज मी दुसऱ्यांसाठी अनेकदा तपासले, पण स्वतःचा एकही भरला नाही.

मी ठरविले की स्वित्झर्लंड आपल्या आवाक्यातले नाही, पण विदर्भातही एक डोंगर आहे. चिखलदऱ्याला जायचे. दोघांनीच जायचे.

पत्नी म्हणाली, "एवढ्या पैशात पोरीची पुस्तकं येतात जी." माझ्या आईने सुनेची बाजू घेतली आणि म्हणाली, "जा वो माय, मी का मरून नाई जात तीन दिवसांत." अकरावीतल्या मुलाने भात-वरण करण्याची हमी दिली. चळवळीतल्या एका मित्राने मात्र तोंडावर विचारले, "समाज कुठं हाय अन् तुम्ही हवा खायले चालले?"

मित्राचा प्रश्न खोटा नाही. पण त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा आणि अर्ज सुरू केले. १८९० च्या मोठ्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. आज ज्या रविवारी आपण उशिरा उठतो, तो रविवार या लढ्यातून आला आहे.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या काळात १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारा महिने काम केलेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला १० दिवस पगारी रजा देण्याची तरतूद झाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. उपाशी माणसाला आधी भाकरी पाहिजे हे बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक होते? तरीही भाकरीबरोबर विश्रांती पाहिजे, असे त्यांच्या खात्याने कायद्यात लिहून घेतले. म्हणून विश्रांतीला चैन म्हणणे मला पटत नाही.

स्वित्झर्लंडचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आज जिथे जगातले पैसेवाले जातात, ती डोंगरातली गावे एकेकाळी गरीब गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची होती. १८६३ साली थॉमस कुक हा इंग्रज आपल्या देशातील प्रवाशांची सहल घेऊन तिथे गेला. पुढे रेल्वे आणि हॉटेले वाढली. डोंगर त्यांचा होता आणि पाहणारे बाहेरचे होते. तिथल्याच कारखान्यातल्या कामगाराला मात्र आपल्या बायको-मुलांना घेऊन त्या डोंगरावर राहणे परवडत नव्हते. म्हणून १९३९ साली कामगार संघटना, मालक आणि पर्यटन व्यवसायातील लोकांनी मिळून 'रेका' नावाची सहकारी संस्था काढली. कामगाराने तिचे सुट्टीचे चेक सवलतीच्या दरात घ्यायचे आणि ते रेल्वेत व हॉटेलात वापरायचे. ही संस्था आजही चालू आहे. त्या देशात आज कायद्याने वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा आहे. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या सिनेमात आपण तिथली हिरवळ पाहिली, पण ही बचतीची बाजू आपल्याला कोणी दाखविली नाही.

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. सगळे 'घरगुती काम' असे लिहितात. मी २० वर्षांत पहिल्यांदा 'विश्रांती' असे लिहिले. साहेबांनी वर पाहिले, हसले आणि सही केली.

पहाटेच्या बसने आम्ही निघालो. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करीत नागपूर आणि तिथून अमरावती. रात्री अमरावतीला नातलगाकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी परतवाडा आणि तिथून घाट. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कंडक्टरने तिचे अर्धे आणि माझे पूर्ण तिकीट फाडले, तेव्हा ती म्हणाली, "आता तुमच्यापेक्षा मीच स्वस्तात फिरतो." त्या दिवसांत आमच्या ब्रह्मपुरी-आरमोरी भागात पारा ४५ अंशांच्या वर होता. घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर खिडकीतून येणारा वारा बदलला. तिने डोक्यावरचा पदर काढला आणि चिखलदरा येईपर्यंत बाहेर पाहत राहिली.

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतले हे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथे कॉफीची झाडे आहेत. जवळच गाविलगडाचा प्रचंड किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. याच वेलस्लीने पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. आजूबाजूचे जंगल १९७३ साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. हे जंगल कोरकू आदिवासींचे घर आहे.

खरे सांगायचे तर मे महिन्यात तिथेही दुपारी ऊन लागते आणि धबधबे कोरडे असतात. हिरवळ आणि पाणी पाहायचे असेल तर पाऊस पडल्यावर जावे, पण तेव्हा गर्दी आणि धुके असते. आम्हाला मात्र संध्याकाळचा वारा पुरेसा होता. रात्री चादर घ्यावी लागली. आमच्या घरी त्याच वेळी पंखासुद्धा गरम हवा फेकत होता.

पहिल्या सकाळी साडेचारला जाग आली. पाहतो तर पत्नी उठून खाटेवर बसलेली. दोन्ही पांघरुणांच्या घड्या घातलेल्या, रात्रीचे चहाचे पेले धुऊन पालथे ठेवलेले.

"का झालं?" मी विचारले.

"काई नाई. आता का करू ते समजून नाई राहिलं."

बंधू-भगिनींनो, या एका वाक्याने मला जितके लाजविले तितके कोणाच्या टीकेने लाजविले नाही. २२ वर्षे आपण एका माणसाला असे जुंपले की मोकळा वेळ मिळाला तर त्याचे काय करायचे हेच ते विसरले. मी खाली जाऊन चहा आणला. आम्ही दोघे बाहेर ओट्यावर उजाडेपर्यंत बसलो. तिने तिच्या लहानपणीचे सांगितले. तेंदूच्या हंगामात पहाटे जंगलात जाणे, पुडे बांधणे, फळीवर पाने मोजून देणे, मोहफुलांचा वास. यातले निम्मे मी कधी ऐकलेच नव्हते. घरी आमचे बोलणे गॅस, फी, किराणा आणि मीटिंग यापुढे जात नाही.

पंचबोल पॉइंटला दरीत हाक मारली की आवाज परत येतो. बाकीचे पर्यटक ओरडत होते. ती लाजत होती. गर्दी पांगल्यावर तिने हळूच मुलीचे नाव घेऊन हाक मारली. दरीतून आवाज परत आला. मग तिने मुलाचे नाव घेतले, नंतर माझ्या आईचे. माझे नाव तिने घेतले नाही, ते तिच्याने होत नाही. मी तिचे नाव घेऊन हाक मारली.

तिथून परतताना एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाली बाई कोरकू होती. पत्नीने सवयीने तिला विचारले, "तुमाले सुट्टी कधी असते?" ती म्हणाली, "सुट्टी कुठली, ताई? तुमची सुट्टी तेच आमचं काम. हंगाम संपला की खाली सोयाबीन काढाले जातो." पत्नी उठून रिकामे पेले धुवायला लागली. त्या बाईने ते तिच्या हातून काढून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही बसा. आज तुमी पावणे."

वाटेत पत्नी बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "मले तं सुट्टी भेटली जी, तिले कोण देईन?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कायद्याने कारखान्यातल्या माणसाला रजा दिली. टपरीवर, वावरात, तेंदूच्या फळीवर राबणाऱ्या बाईपर्यंत ती पोचलेली नाही. चळवळीच्या मित्राला मी आता हेच सांगतो. विश्रांतीचा प्रश्न हाही चळवळीचाच प्रश्न आहे, आणि ज्याने घरी रजा दिली नाही त्याला बाहेर ती मागण्याचा अधिकार नाही.

आता हिशोब देतो, कारण त्याशिवाय हे सदर पूर्ण होत नाही. दोघांचे जाण्या-येण्याचे एसटी भाडे सुमारे १,९०० रुपये. दोन रात्रींची साधी खोली २,४००. जेवण आणि चहा १,३५०. पॉइंट पाहायला वाहन ७००. एकूण ६,३५० रुपये. महिन्याला ३०० रुपये बाजूला ठेवले तर दोन वर्षांत ७,२०० होतात. जो घरधनी महिन्याला तेवढा खर्रा खातो त्याला हे अवघड नाही.

आम्ही घरी आता तीन गोष्टी ठरविल्या आहेत. एक, महिन्यातला एक रविवार स्वयंपाकघर मी आणि मुलगा सांभाळतो. भात कधी करपतो, पण खाल्ला जातो. दोन, एक डबा केला आहे, त्यात दर महिन्याला पैसे पडतात. तीन, महिला मंडळाच्या सहलीत स्वयंपाक मंडळाच्या बायकांनी करायचा नाही, ते काम पुरुष कार्यकर्ते करतील. ठरावाला मीच अनुमोदन दिले आहे. तुमच्या वस्तीत चार-पाच कुटुंबांनी मिळून भिशीसारखी बचत केली तर रेकाचा छोटा प्रयोग आपल्याकडेही होईल.

चिखलदराच पाहिजे असे नाही. नवेगाव बांधचा तलाव आहे, ताडोबा आहे, आपल्या वैनगंगेचा काठ आहे. तिला डबा करायला लावू नका, एवढेच पथ्य पाळा.

घरची बाई रजेचा अर्ज कधीच करणार नाही. तो अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे तिला कोणी सांगितलेले नाही. म्हणून आपणच तो लिहावा, कारणाच्या रकान्यात 'विश्रांती' लिहावे आणि आपणच मंजूर करावा. खाते फार दिवसांचे थकले आहे.

जयभीम.