चहातली गोळी

लोणी काळभोरच्या विद्यापीठ परिसरात हजारो तरुण शिकतात. सायकोसिस या मनोविकाराची पहिली लक्षणे बहुधा याच वयात दिसतात: कानात आवाज येतात, शेजाऱ्यांवर संशय जडतो. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत मुलगा औषध नाकारतो आणि हवालदिल आई गोळी चहात विरघळवते.

तिची माया खरी, मार्ग चुकीचा. फसवणूक उघडी पडली की डॉक्टरवरचाही विश्वास उडतो. अर्थात, उपचार लांबवणेही घातकच.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार निर्णयक्षम रुग्णाची उपचाराला संमती हवीच. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांच्याकडून स्वतंत्र तपासणी लागते.

घरच्यांनी आधी १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलावे. सल्ला मोफत मिळतो.