विश्लेषण : हार्मोनच्या औषधांवरील इशारा अमेरिकेने का काढला? आता ती सुरक्षित आहेत का?

रजोनिवृत्तीच्या काळात घेतल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांवर अमेरिकेत दोन दशकांहून अधिक काळ ठळक चौकटीत धोक्याचा इशारा छापला जात होता. त्यातील बराचसा मजकूर काढून टाकण्याचा निर्णय तेथील अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ‘हार्मोन आता सुरक्षित’ असा याचा सरसकट अर्थ काढायचा का?

इशारा का आला होता?

‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात १६,६०८ महिलांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्रित गोळी, तर उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसल्याने २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. पाठोपाठ इशारा आला आणि जगभर लाखो महिलांनी हे उपचार सोडले.

धोका नेमका किती होता?

स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात दर १० हजार महिलांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ जणींना कर्करोग झाला, म्हणजे आठ जणी अधिक. त्याच वेळी खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दर १० हजारांमागे पाचने कमी झाले. शिवाय सहभागी महिलांचे सरासरी वय ६३ होते. घाम, अंगाची आग, झोपमोड यांसाठी हे औषध घेणाऱ्या बहुतेक महिला पन्नाशीच्या आसपासच्या असतात. साठीनंतर सुरू केलेल्या औषधाचे धोके त्यांना जसेच्या तसे लावले गेले, हाच मुख्य आक्षेप होता.

आता काय बदलले?

हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांचे उल्लेख चौकटीतून काढले जात आहेत. उपचार साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करावेत, असा सल्ला आहे. मात्र केवळ इस्ट्रोजेन असलेल्या, संपूर्ण शरीरावर परिणाम करणाऱ्या औषधांवर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा कायम आहे. गर्भाशय असलेल्या महिलेने इस्ट्रोजेन एकटे घेतल्यास अस्तर जाड होत जाते, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागते.

या निर्णयावर टीकाही झाली. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या औषधांवरील इशारा हटवावा, यावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत होते. पण गोळ्यांचे दीर्घकालीन फायदे फुगवून सांगितले जात आहेत, असे काहींचे म्हणणे आहे.

कोणी सावध राहावे?

स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या आणि कारण न कळलेला रक्तस्राव होणाऱ्या महिलांना ही औषधे सहसा दिली जात नाहीत. याउलट चाळिशीच्या आतच पाळी थांबली असेल, तर हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून डॉक्टर अनेकदा ती सुचवतात.

आणि ऑनलाइन ‘हार्मोन बॅलन्स’?

अमेरिकेतील निर्णय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांपुरता आहे. समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गमीजना तो लागू नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहार विक्रीआधी एफडीएकडून मंजूर करून घ्यावा लागत नाही. त्यामुळे डीएचईएसारखे हार्मोनही तेथे दुकानात सहज मिळते. भारतात न्यूट्रास्युटिकल्समध्ये हार्मोन किंवा स्टिरॉइड मिसळण्यास ‘एफएसएसएआय’च्या नियमांनुसार मनाई आहे. त्यामुळे पूरक आहाराच्या डब्यात हार्मोन असेल तर ते बेकायदा आणि नसेल तर हार्मोन उपचारांचा फायदा त्यातून मिळण्याचा प्रश्नच नाही.

भारतात रजोनिवृत्ती सरासरी पन्नाशीच्या आधीच येते. त्यामुळे इथल्या महिलांसाठी ही चर्चा महत्त्वाची आहे. वय, पाळी थांबून झालेली वर्षे, गर्भाशय आहे की नाही आणि आधीचे आजार, या चार गोष्टी स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगितल्याशिवाय ‘सुरक्षित आहे का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.